वारी, उपास आणि आपली तब्येत

आषाढ ते कार्तिक हे चार महिने आपल्या घरांमध्ये व्रतांचे आणि उपासांचे असतात. या दिवसांत पालक शाळेत आले की अभ्यासाच्या गोष्टी संपल्यावर दोन विषय हमखास निघतात. "मुलीने नवरात्राचे नऊ दिवस धरले आहेत, खेळाच्या तासाला तिला बसू द्याल का?" हा एक. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, "आमचे बाबा म्हणतात, चातुर्मासात एकभुक्त राहणार, मग शुगरची गोळीही एकदाच घेणार. तुमचे ते ऐकतील, तुम्ही सांगून बघा." आपला समाज लहान, शिक्षकांना घरचेच समजणारा. त्यामुळे असे प्रश्न शाळेपर्यंत येतात याचे आम्हाला नवल वाटत नाही. आम्ही डॉक्टर नाही. पण देवधर्म आणि तब्येत यांचा संबंध काय, यावर जगात बराच अभ्यास झाला आहे आणि तो विद्यार्थी, पालक, विश्वस्त अशा सर्वांच्याच उपयोगाचा आहे. म्हणून तो येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

सुरुवात ग्वाल्हेरपासूनच करू. आळंदीहून पंढरपूरला ज्ञानेश्वर माउलींची पालखी जाते. तिला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, १८३२ च्या सुमारास. ते मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळचे आणि आपल्या ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. परंपरा अशी सांगते की, ग्वाल्हेरहून गावाकडे जाताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना पकडून एका गुहेत कोंडले. तेथे त्यांनी हरिपाठ चालू ठेवला. एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला आणि त्या आनंदात त्यांची सुटका झाली. पुढे हैबतबाबा आळंदीलाच राहिले. आजही पालखी निघण्यापूर्वी आळंदीच्या देवळात महाद्वारातील त्यांच्या पायरीची पूजा होते.

फौजेत वावरलेल्या या माणसाने वारीला फौजेसारखी रचना दिली. पुढे अश्व (ते अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात), मग क्रमांक ठरलेल्या दिंड्या, चोपदार, मुक्कामाचे तळ, सगळे ठरल्या वेळी. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदाराने चोप उंचावला की लाखभर माणसे एका क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकतो, मगच टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तेथेच पुकारल्या जातात. एवढ्या मोठ्या मेळ्यात कोणी एकटा पडू नये याची ही व्यवस्था आम्हाला वारीतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. तब्येतीच्या प्रश्नाशी तिचा संबंध पुढे येईलच.

आता शरीराच्या बाजूने पाहू. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट वारकरी तीन आठवड्यांच्या आत चालतो. पुणे ते सासवड या टप्प्यात तर दिवे घाट चढावा लागतो. पहाटे उठणे, वेळेवर साधे जेवण, रात्री लवकर पाठ टेकणे. वाटेत रिंगण, फुगड्या, उड्या. एरवी गुडघे धरून बसणाऱ्या आज्यासुद्धा फुगडीला उभ्या राहतात. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्याने दारू आणि मांस वर्ज्य केलेले असते. तंबाखूची पुडी मात्र कित्येकांच्या कमरेला असते, हेही खरे. एकूण पाहता, डॉक्टर ज्या गोष्टी कागदावर लिहून देतात आणि आपण खिशात घालून विसरतो, त्यांतल्या बऱ्याच गोष्टी वारकरी विठ्ठलाच्या नावाने मुकाट्याने करतो.

पण केवळ चालण्याचाच हा गुण आहे का? याचे उत्तर आपल्याला जवळच्याच प्रयागला शोधता येते. तेथे माघ मेळ्यात कल्पवासी महिनाभर गंगेच्या वाळूत तंबू ठोकून राहतात. कडाक्याची थंडी, पहाटेचे स्नान, दिवसरात्र लाउडस्पीकर, सोयींची बोंब. अशा ठिकाणी राहून तब्येत बिघडायला हवी. भारतातील आणि ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी मिळून ४१६ कल्पवाशांना मेळ्याच्या आधी आणि नंतर त्यांच्या तब्येतीविषयी प्रश्न विचारले. मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांनाही तेच प्रश्न विचारले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मेळ्याहून परतलेल्यांना आपली तब्येत पहिल्यापेक्षा बरी वाटत होती, घरी राहिलेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. येथे कोणी डोंगर चढला नव्हता. चार अनोळखी माणसे आपली समजून महिनाभर शेजारी राहिली होती.

यापेक्षा फार मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील ७४,५३४ परिचारिकांची सोळा वर्षांची माहिती तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा चर्चमध्ये प्रार्थनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये त्या काळात मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होते.

विद्यार्थ्यांनी येथे लगेच एक शंका काढायला हवी. ज्याला देवळापर्यंत जाता येते, त्याची तब्येत आधीपासूनच बरी नसेल का? जो अंथरुणाला खिळला तो देवळात दिसणारच नाही, म्हणजे देवळातील माणसे निरोगी दिसणारच. शंका अगदी रास्त आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही. या संशोधकांनाही ती सुचली होती. म्हणून त्यांनी बायकांची आधीची आजारपणे, सिगारेट, वजन, उत्पन्न अशा गोष्टींचा हिशेब वेगळा करून पाहिला. फरक पुसला गेला नाही. तरी या बहुतेक ख्रिस्ती, गोऱ्या, शिकलेल्या आणि नोकरी करणाऱ्या बायका होत्या. तो आकडा उचलून जसाच्या तसा लश्करमधल्या आपल्या आज्यांना लावणे बरोबर नाही.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. हा फायदा कोणत्या वाटेने होतो हेही त्यांनी तपासले. जाणाऱ्यांमध्ये सिगारेट कमी होती, उदासी कमी होती, पण सर्वांत मोठा वाटा निघाला तो माणसांच्या आधाराचा. म्हणजे आजारी पडल्यावर डबा घेऊन येणारी शेजारीण, दोन रविवार दिसला नाहीत तर "का हो, बरे आहे ना?" म्हणून विचारणारा ओळखीचा माणूस.

मग नुसत्या प्रार्थनेचे काय? तेही तपासून झाले आहे. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले. दोन गटांना सांगितले की, तुमच्यासाठी कोणी प्रार्थना करील किंवा न करील. प्रत्यक्षात एका गटासाठी केली, दुसऱ्यासाठी केली नाही. तिसऱ्या गटाला सांगितले की, तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होणार आहे, आणि तशी केली. प्रार्थना करणारी माणसे रुग्णांना अनोळखी होती. निकाल २००६ मध्ये आला. पहिल्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झालेले ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटात ५९ टक्के. "माझ्यासाठी प्रार्थना लावली आहे, म्हणजे माझे काही खरे नाही" असे त्यांना वाटले असावे, असा एक तर्क त्यावर केला गेला. आमच्या मते यातून देवाची परीक्षा झाली नाही, आणि ती होणारही नव्हती. एवढेच दिसले की लांबून पाठवलेल्या प्रार्थनेला औषधाचे काम सांगता येत नाही.

स्वतः म्हटलेल्या प्रार्थनेची गोष्ट थोडी निराळी आहे. इटलीतील डॉक्टरांनी २००१ मध्ये दाखवले की, लॅटिनमधील जपमाळ आणि तिबेटी मंत्र या दोन्हींच्या सावकाश उच्चारात माणसाचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो. एरवी तो त्याच्या दुपटीहून जास्त असतो. श्वास असा संथ झाला की हृदयाची लय आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातील यंत्रणा अधिक चांगली काम करते. प्रयोग अवघ्या २३ निरोगी माणसांवरचा होता, तेव्हा त्यावर फार मोठा इमला चढवू नये. पण संध्याकाळी दिव्यापाशी सावकाश म्हटलेले स्तोत्र का शांतवते, याचा थोडा उलगडा होतो. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत आरत्या ज्या वेगाने पळवल्या जातात, त्यात हा गुण कितपत उरतो ते गणपतीच जाणे!

आता उपास. मराठी घरात हा विषय निघाला की आधी साबुदाणा निघतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही मूळच्या तिकडच्याच. म्हणजे खिचडीच्या ताटलीतला बहुतेक ऐवज ज्ञानेश्वरांनी पाहिलासुद्धा नव्हता. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो, प्रथिने नावापुरती. त्याला तूप, दाण्याचे कूट आणि बटाटा मिळाला, वर गोड दही आले, की "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण खरी होते. मधुमेह असलेल्या माणसाने उपासाच्या दिवशी अशी खिचडी दोनदा खाल्ली तर त्याची साखर एरवीपेक्षा जास्तच चढते. राजगिरा, दूध, ताक, फळे हा त्याहून चांगला उपास.

दरवर्षी मोबाइलवर एक निरोप फिरतो की, एकादशीचे महत्त्व सिद्ध केल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले. पालकांनी तो पुढे पाठवण्यापूर्वी हे वाचावे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते खरे. पण त्यांचे मूळ काम यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमिरातील सूक्ष्म जीवांवर होते. अन्न मिळाले नाही की पेशी आपल्याच आतील जुने भाग मोडून वापरतात, ती क्रिया कशी चालते हे त्यांनी शोधले. एकादशीचे नावही त्यात नाही.

उपासाचा खरा धोका औषध घेणाऱ्यांना असतो. याचा सर्वांत मोठा अभ्यास रमजानच्या रोज्यांवर झाला आहे. तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींच्या त्या पाहणीत असे दिसले की, प्रौढ वयात होणारा, म्हणजे टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये साखर एकदम उतरून रुग्णालयात जावे लागण्याचे प्रमाण रोज्यांच्या महिन्यात सुमारे साडेसात पट झाले. रोजा आणि एकादशी सारखी नाही, पण पोटात अन्न नाही आणि इन्सुलिन किंवा गोळी चालू आहे, ही अवस्था दोन्हीकडे तीच. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. घरात कोणाला असे झाले आणि माणूस शुद्धीवर असेल तर उपास बाजूला ठेवून ताबडतोब साखर किंवा गूळ द्यावा, हे पाचवीच्या मुलालाही माहीत असायला हवे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावे. उलट दिशेने, उपास म्हणून गोळीच न घेणे हेही तितकेच वाईट. उपास करायचाच असेल तर गोळीची वेळ आणि मात्रा आधी डॉक्टरांना विचारून ठरवावी.

ग्वाल्हेरकरांनी निर्जला एकादशीचा विचार तर वेगळाच करायला हवा. ती ज्येष्ठात येते. त्या दिवसांत आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो आणि बाहेर लू वाहत असते. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या वृद्धाने अशा दिवशी पाण्याचा थेंब न घेणे म्हणजे संकट ओढवून घेणे. याच एकादशीला वाटसरूंना पाणी आणि सरबत पाजण्याची चाल आपल्या या भागात आहे. ज्यांना उपास झेपत नाही त्यांना पुण्याची ही बाजू मोकळी आहे.

"पण व्रत मोडते" असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी शास्त्रच मदतीला येते. महाभारतातील विदुरनीतीत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि आठवी गोष्ट औषध. एकादशीच्या उपासाला जुन्या ग्रंथांनी वयाची मर्यादाही घातली आहे, आठ वर्षांच्या पुढे आणि ऐंशीच्या आत. दबक्या आवाजात विचारणाऱ्या त्या पालकांना आमचे हेच उत्तर आहे. बाबांशी वाद घालू नका, त्यांना विदुर वाचून दाखवा.

भगरीविषयीही एक सूचना करावीशी वाटते. ओल लागलेल्या, जुन्या भगरीत किंवा तिच्या पिठात बुरशी धरते आणि तिच्यापासून विषबाधा होते. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील एका गावात फेब्रुवारी २०२४ मध्ये हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली. खाटा पुरेनात, तेव्हा दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या टांगल्या आणि लोकांवर उघड्यावर उपचार करावे लागले. तेव्हा भगर अख्खी, ताजी घ्यावी, निवडून घरीच दळावी. सार्वजनिक प्रसाद करणाऱ्यांनी तर दुप्पट काळजी घ्यावी.

गर्दी आणि रोग यांचे नातेही जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ पुन्हा पुन्हा पसरे. परतणारा वारकरी ती गावी घेऊन जाई. पुढे यात्रेकरूंना लस टोचणे सुरू झाले, पाण्याची व्यवस्था सुधारली. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयातील कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही राहतात. श्रद्धा आणि उपचार यांत भांडण असलेच पाहिजे असे नाही, याचा याहून चांगला दाखला आम्हाला माहीत नाही.

आपल्या भाषेतही ही खूण आहे. ज्या रोगाला आपण देवी म्हणत होतो, त्याच्या लसीलाही लोक "देवी काढणे" म्हणत. सांतऊच्या शीतला मातेला नवरात्रात पायी जाणारे ग्वाल्हेरकर आजही आहेत, पण देवीचा रोग मात्र नाही. १९७५ नंतर तो भारतात दिसला नाही आणि १९८० मध्ये जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. आजी-आजोबांच्या दंडावरचा गोल वण मुलांनी जरूर पाहावा. आणि २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत माउलींच्या पादुका चक्क एस.टी.च्या बसने, मोजक्या माणसांबरोबर पंढरपूरला गेल्या. २०२१ मध्येही तसेच झाले. वारी चुकली नाही, गर्दी तेवढी टळली.

येथे मघाचा धागा पुन्हा हाती घेऊ. धर्माचरणाचा तब्येतीला जो गुण येतो, त्यात माणसांच्या सोबतीचा वाटा सर्वांत मोठा आहे, हे मान्य केले तर आपल्या समाजाने स्वतःकडे पाहायला हवे. शिंद्यांच्या छावणीबरोबर आलेली आपली घरे दोनशे वर्षे येथे नांदली. आता मुले पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात आहेत आणि जुन्या वाड्यांत दोघेच, कित्येक ठिकाणी एकटेच, वृद्ध राहतात. भजनी मंडळाला जाणे बंद होते ते श्रद्धा कमी झाली म्हणून नव्हे. गुडघे चालत नाहीत, बाड्यावरची वाहने ओलांडायची भीती वाटते, देवळाच्या पायऱ्यांना कठडा नसतो. मग टीव्हीवर आरती सुरू होते. दर्शन घडते, पण "काल का आला नाहीत?" असे टीव्ही विचारत नाही. वारीतला चोपदार टाळ वाजवत राहिलेल्या दिंडीकडे स्वतः चालत जातो. आपल्याकडे टाळ वाजवण्याचेही बळ न उरलेली माणसे आहेत, त्यांच्याकडे कोणी जायचे, हा प्रश्न आम्ही पालक आणि विश्वस्तांपुढे ठेवतो.

शाळेपुरते बोलायचे तर आषाढी एकादशीला निघणारी आपली लहान मुलांची दिंडी यंदा जवळच्या गल्ल्यांतून जाईल आणि जेथे वृद्ध मंडळी एकटी राहतात त्या घरांपुढे थांबून एकेक अभंग म्हणेल. आपल्या ओळखीतील अशी घरे, त्या घरच्यांना विचारून, वर्गशिक्षकांना कळवावीत. ज्यांना यायचे असेल त्यांच्यासाठी रिक्षा ठरवल्या जातील आणि सभागृहात जमिनीवरच्या सतरंजीबरोबर पाठीच्या खुर्च्याही मांडल्या जातील. भजन चार वाजता सुरू होऊन अंधार पडण्यापूर्वी संपेल. दिंडीत चालणाऱ्या मुलांनी पाण्याची बाटली आणावी. उपास असला तरी सकाळी दूध-केळे घेऊनच यावे, रिकाम्या पोटी आलेल्या मुलाला दिंडीत घेतले जाणार नाही.